कुडपणच्या चढावर गाडी मिसिंग मारते तेव्हा
मॉडिफाय केलेल्या इंजिनातले काळे प्लग: कारण कसं शोधायचं, उपाय कसा करायचा

मॉडिफाय केलेल्या गाडीचे प्लग काळे पडले की गॅरेजात दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, ‘नवीन टाका’. दुसरा, ‘एक नंबर गरम टाका’. दोन्हींनी गाडी त्या दिवशी सुरळीत चालते, मालक खूश होतो आणि महिन्याभरात पुन्हा तीच मिसिंग सुरू होते. काजळी दिसते प्लगवर, पण ती धरायचं कारण असतं दुसरीकडे: ईसीयूच्या ट्यूनमध्ये, इंजेक्टरमध्ये, वॉल्व्ह सीलमध्ये, नाहीतर गाडी ज्या रस्त्यावर चालते त्या रस्त्यात.

रस्त्याचा हा मुद्दा कुडपणला जाताना चांगला लक्षात येतो. पोलादपूर तालुक्यातलं हे डोंगरातलं गाव शेलारमामांचं गाव म्हणून ओळखलं जातं आणि पावसाळ्यात तिथला धबधबा पाहायला पुण्या-मुंबईकडून गाड्या येतात. त्यांत रिमॅप केलेल्या टर्बो पेट्रोल गाड्या असतात, तसंच मोठा कॅम टाकलेल्या जिप्सी आणि जुन्या होंडा सिटीही. महामार्गावर गाडी तासन् तास एका लयीत धावते. पोलादपूर सोडून डोंगराला भिडली की अरुंद, वळणावळणाचा चढ, पहिला-दुसरा गिअर, समोरून गाडी आली की थांबा. वर पोचल्यावर पाऊस ओसरेपर्यंत काचा बंद, एसी चालू, इंजिन आयडलला. परतताना तोच उतार इंजिन ब्रेकिंगवर. एका दिवसात इंजिनावर चार अगदी वेगळ्या अवस्था येतात आणि प्रत्येक अवस्था प्लगवर आपली खूण ठेवून जाते. ती खूण वाचता आली तर निम्मं काम झालं.

प्लग काळा का पडतो

चालू इंजिनात प्लगचं टोक साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिलं पाहिजे. ४५० च्या वर गेलं की त्यावर बसलेला कार्बन आपोआप जळून जातो. त्याच्या खाली राहिलं तर काजळी साचत जाते. ८५० च्या पुढे गेलं तर ठिणगी पडायच्या आधीच तापलेलं टोक मिश्रण पेटवतं आणि पिस्टन वितळायची वेळ येते.

काजळी कार्बनची असते आणि कार्बनमधून करंट वाहतो. पांढऱ्या सिरॅमिकवर तिचा थर बसला की कॉइलचा करंट गॅपमधून उडी मारण्याऐवजी त्या थरावरून सरळ बॉडीला उतरतो. ठिणगी कमजोर होते, मिश्रण नीट जळत नाही, आणखी काजळी धरते. म्हणून हा बिघाड एकदा सुरू झाला की भराभर वाढतो.

मॉडिफाय केलेल्या गाडीत भर पडते ती प्लगच्या निवडीची. जास्त ताकदीच्या इंजिनाला थंड प्लग लागतो, म्हणजे ज्याचं सिरॅमिकचं नाक आखूड असतं आणि जो उष्णता लवकर हेडकडे सोडतो. फुल थ्रॉटलला तो इंजिन वाचवतो. पण दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना त्याचं टोक ४५० पर्यंत पोचतच नाही. शर्यतीच्या ट्रॅकसाठी बांधलेली गाडी घाटात प्लग काळे करते ती यामुळे.

पायरी १: बॉनेट उघडण्याआधी लिहून काढा

मिसिंग नेमकी केव्हा येते हे कागदावर लिहा. सकाळी थंड इंजिनावर? आयडलला उभी असताना? चढावर पूर्ण दाबल्यावर? लांब उतार संपून पुन्हा ॲक्सिलरेटर दिल्यावर? की फक्त पाऊस पडत असताना? प्रत्येक उत्तर वेगळ्या दिशेला नेतं.

थंड इंजिनावर येऊन नंतर जात असेल तर काजळी किंवा कोल्ड स्टार्टचं जादा पेट्रोल. आयडलला असेल तर रिच आयडल, मोठे इंजेक्टर किंवा मोठा कॅम. चढावर बूस्ट आल्यावर असेल तर गॅप जास्त किंवा कॉइल कमजोर. पावसातच असेल तर प्लगच्या खड्ड्यात पाणी किंवा कॉइलच्या रबरी बुटाला चीर.

मग स्कॅनर लावा. पी ०३०१ ते पी ०३०४ हे कोड कोणता सिलिंडर मिसिंग मारतोय ते सांगतात. पी ०३०० म्हणजे मिसिंग एका जागी टिकत नाही. पी ०१७२ म्हणजे मिश्रण रिच. फ्युएल ट्रिमही बघा. ट्रिम उणे दहा टक्क्यांच्याही खाली जात असेल तर ईसीयू पेट्रोल कमी करण्यासाठी धडपडतोय, म्हणजे कुठून तरी ते जास्त येतंय. कूलंटचं तापमान त्याच वेळी नोंदवा. गरम झालेल्या इंजिनात ते ८५ ते ९५ अंशांच्या आसपास हवं.

पायरी २: प्लग काढा, पण क्रमाने

इंजिन थंड होऊ द्या. ॲल्युमिनियमच्या हेडमधून गरम प्लग जोराने काढला की आटे प्लगबरोबर बाहेर येतात आणि काम भलतंच वाढतं. कॉइल काढल्यावर खड्ड्यात हवा मारा, कारण तिथली माती आणि पाणी प्लग निघताच सिलिंडरमध्ये पडतं. प्लग सैल झाला की अर्ध्यावर थांबून पुन्हा एकदा हवा मारा.

एका पुठ्ठ्यावर १, २, ३, ४ असे आकडे लिहा आणि निघालेला प्लग त्याच्याच आकड्यावर ठेवा. चारही प्लग एका डब्यात टाकले तर सगळ्यात महत्त्वाची माहिती तिथेच हरवते. उजेडात टोकांचे फोटो काढा. ट्यूनरशी बोलताना ते उपयोगी पडतात.

पायरी ३: प्लग वाचा

साधं भिंग घ्या आणि प्लग उजेडाकडे तिरका धरून तीन जागा बघा: सिरॅमिकचं नाक, त्या नाकाचा आत बॉडीजवळचा बुंधा आणि वरून वाकलेला इलेक्ट्रोड.

चांगला प्लग: नाक फिकट तपकिरी किंवा करडं. आजच्या पेट्रोलवर ते बऱ्याचदा जवळजवळ पांढरंच राहतं, त्यामुळे पांढरं दिसलं की लगेच ‘लीन’ म्हणून घाबरू नका. मिश्रणाचा अंदाज आतल्या बुंध्याशी असलेल्या काळसर कड्यावरून घ्या. वाकलेल्या इलेक्ट्रोडवर रंग बदलण्याची एक रेघ दिसते. ती वाकणाच्या आसपास असेल तर टोक योग्य तापतंय.

कोरडी, मखमली काजळी: बोटाला लागते, सहज पुसली जाते. हा कार्बन. मिश्रण रिच, प्लग फार थंड किंवा इंजिन तापतच नाही.

ओला आणि पेट्रोलचा वास: त्या सिलिंडरमध्ये पेट्रोल येतंय, पण पेटत नाही. ठिणगी नाही किंवा इंजेक्टर गळतोय.

ओला, चिकट, काळा, चकचकीत: बोटांत चोळल्यावर तेलकट लागतो. हे इंजिन ऑइल.

करडी-पांढरी राख, दाणेदार थर: ऑइलमधली ॲडिटिव्ह जळून उरलेली राख. बराच काळ थोडंथोडं ऑइल जळतंय.

विटकरी किंवा नारिंगी थर: ऑक्टेन बूस्टरची बाटली. त्यातली लोह किंवा मँगनीजची संयुगं असा थर सोडतात. तो तापल्यावर करंट वाहून नेतो, त्यामुळे थंड गाडी ठीक आणि चढावर मिसिंग अशी फसवी तक्रार येते. बूस्टर बंद करा, प्लग बदला.

नाकावर फोड, बारीक काळे-चंदेरी ठिपके किंवा गळलेला इलेक्ट्रोड: हे काळवंडणं नाही, उलट अती उष्णता आणि नॉकिंग आहे. ठिपके बहुधा पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे असतात. इथे गाडी चालवणं थांबवा.

प्लगच्या वरच्या सिरॅमिकवरही नजर टाका. षटकोनाच्या लगत फिकट तपकिरी कडं असेल तर ते निरुपद्रवी असतं. हवेतले तेलाचे कण विजेच्या दाबाने तिथे चिकटतात. पण वरून खाली गेलेली काळी, बारीक, उभी रेघ दिसली तर करंट बाहेरूनच उतरतोय. त्या प्लगबरोबर कॉइलचा बूटही बदलावा लागतो.

नजरेवर भरवसा नसेल तर मल्टिमीटर लावा. मीटर २० मेगाओमवर ठेवून वरचं टर्मिनल आणि बॉडी यांच्यात मोजा. चांगल्या प्लगमध्ये काहीच वाहत नाही. दहा मेगाओमच्या खाली आकडा आला तर काजळीतून गळती सुरू झाली आहे. टर्मिनल ते मधला इलेक्ट्रोड मोजलं तर रेझिस्टर प्लगमध्ये साधारण पाच किलोओम दिसतात. तिथे काहीच आलं नाही तर प्लग आतून तुटलाय.

पायरी ४: एक काळा की चारही?

हा प्रश्न पुढची सगळी शोधाशोध ठरवतो. चारही प्लग सारखे काळे असतील तर दोष सगळ्यांना सामायिक असलेल्या जागी आहे: ट्यून, पेट्रोलचा दाब, सेन्सर, थर्मोस्टॅट, प्लगची हिट रेंज. एकच काळा असेल तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर, कॉइल, वॉल्व्ह किंवा रिंग. शेजारचे दोन खराब असतील तर मधल्या भागात हेड गॅस्केट उडालंय का ते तपासा. इनटेकमध्ये ब्रीदरचा पाइप जिथे उघडतो त्याच्या जवळचेच तेलकट असतील तर ब्रीदर संशयित.

पायरी ५: चारही कोरडे काळे

सोप्या आणि स्वस्त गोष्टींपासून सुरुवात करा.

थर्मोस्टॅट बघा. ‘गाडी गरम होते’ म्हणून तो काढून टाकायची सवय आपल्याकडे जुनी आहे. पावसाळी घाटात थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन सत्तर अंशांवरही पोचत नाही, ईसीयूला ते थंडच वाटतं आणि तो जादा पेट्रोल देत राहतो. नवा थर्मोस्टॅट बसवला आणि प्लग स्वच्छ झाले, असं पुष्कळदा होतं.

कूलंट टेंपरेचर सेन्सर तपासा. रात्रभर उभ्या गाडीत स्कॅनरवर कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसलं पाहिजे. तफावत मोठी असेल तर सेन्सर खोटं बोलतोय.

एअर फिल्टर आणि एअरफ्लो सेन्सर बघा. तेल लावायच्या कापडी फिल्टरला तेल जास्त झालं की ते सेन्सरच्या तारेवर बसतं आणि रीडिंग बिघडतं. त्या सेन्सरसाठी मिळणाऱ्या क्लीनरनेच तो साफ करा, हात लावू नका.

हेडरचे जोड तपासा. आफ्टरमार्केट एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सरच्या आधी बारीक गळती असली तर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला मिश्रण लीन वाटतं आणि ईसीयू पेट्रोल वाढवतो. थंड इंजिन सुरू करून जोडांशी साबणाचं पाणी मारा. बुडबुडे आले की जागा सापडली.

बाहेर हवा सोडणारा ब्लो-ऑफ वॉल्व्ह असेल आणि गाडी एअरफ्लो सेन्सरवर चालत असेल तर मोजून झालेली हवा प्रत्येक गिअर बदलताना बाहेर फेकली जाते, पण तिच्या हिशेबाचं पेट्रोल आत पडतं. घाटात दर वळणाला गिअर बदलावा लागतो, म्हणजे दर वळणाला काजळीचा एक घास. त्या वॉल्व्हचा पाइप परत इनटेकमध्ये जोडणं हाच उपाय.

यानंतर ट्यूनकडे वळा. मोठे इंजेक्टर फार थोडं पेट्रोल मोजून टाकण्यात कच्चे असतात, म्हणून आयडलला ते जास्त ओततात. मोठ्या कॅममध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट वॉल्व्ह बराच वेळ एकत्र उघडे राहतात, आयडलला जळलेला वायू मागे येतो आणि ठिणगीला मिश्रण पकडत नाही. ट्यूनरला वाइडबँडच्या नोंदी दाखवा आणि आयडल, हलका थ्रॉटल व डिसिलरेशनचे भाग दुरुस्त करून मागा. डायनोवर फक्त फुल थ्रॉटलची रेघ सुंदर काढून दिलेली गाडी कुडपणच्या रस्त्यावर निभावत नाही. त्या रस्त्यावर फुल थ्रॉटल वापरायला जागाच नसते.

पेट्रोलबद्दल एक सूचना. आता पंपांवर ई-२० मिळतं. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला सुमारे १३.५. जुन्या पेट्रोलवर केलेलं ट्यून ई-२० वर थोडं लीन व्हायला हवं. तरीही प्लग काळे पडत असतील तर मूळ ट्यून बरंच रिच आहे असं समजा. आणि गेजवर हवा-पेट्रोलच्या आकड्याऐवजी लॅम्डा वाचायची सवय लावा, कारण पेट्रोल बदललं तरी लॅम्डा १ चा अर्थ बदलत नाही.

कार्ब्युरेटरची जुनी जिप्सी असेल तर उंचीही मोजा. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला, म्हणजे १३०० मीटरच्या वर गेलात की हवा जवळपास आठव्या हिश्शाने विरळ होते. कार्ब्युरेटरला ते कळत नाही, तो पेट्रोल त्या मानाने कमी करत नाही. कोकणाच्या पातळीवर आधीच रिच लावलेला कार्ब्युरेटर वर गेल्यावर प्लग काळे करणारच.

पायरी ६: एक प्लग पेट्रोलने ओला

अदलाबदल हे इथलं हुकमी हत्यार. १ नंबरची कॉइल ३ वर आणि ३ ची १ वर लावा. मिसिंग ३ वर गेली तर कॉइल खराब. नाही गेली तर प्लगची अदलाबदल करा, मग इंजेक्टरची. एका वेळी एकच वस्तू हलवा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

ठिणगी बघायची असेल तर स्पार्क टेस्टर वापरा. आधी इंजेक्टरचे कनेक्टर काढा, म्हणजे सेल्फ मारताना उघड्या छिद्रांतून पेट्रोलची वाफ बाहेर येणार नाही. प्लग हातात धरून ठिणगी बघू नका. आजच्या कॉइलचा झटका जीवघेणा ठरू शकतो.

बूस्टवरच मिसिंग येत असेल तर गॅप मोजा. सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगीला उडी मारणं अवघड जातं. कंपनीच्या साध्या इंजिनात ०.८ ते १.१ मिलिमीटर गॅप सर्रास असतो. बूस्ट वाढवलेल्या इंजिनात तो ०.६ ते ०.७ पर्यंत आणावा लागतो. फार कमी केला तर आयडलला ठिणगी अपुरी पडते, म्हणून ०.०५ च्या टप्प्याने कमी करत जा आणि मिसिंग थांबली की तिथेच थांबा.

इंजिन फ्लड झालं असेल तर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत असं केलं की पेट्रोल बंद होतं आणि आतलं जादा पेट्रोल बाहेर फेकलं जातं. प्लग बदलूनही सिलिंडर ओलाच राहिला तर इंजेक्टर बेंचवर गळतीसाठी तपासून घ्या. त्या इंजिनाचं ऑइलही बदला, कारण पेट्रोल मिसळून ते पातळ झालेलं असतं.

पायरी ७: ऑइलने ओला

ऑइल कुठून येतंय हे घाट स्वतः दाखवतो. सोबत्याला मागच्या गाडीत बसवा आणि तुमचा सायलेन्सर बघायला सांगा.

लांब उतार इंजिन ब्रेकिंगवर उतरताना थ्रॉटल बंद असतो, त्यामुळे इनटेकमध्ये जबर व्हॅक्यूम तयार होतो. वॉल्व्हचे सील कडक झाले असतील तर तो व्हॅक्यूम दांड्यालगतचं ऑइल खाली ओढतो. उतार संपून ॲक्सिलरेटर दिला आणि निळसर धुराचा एक लोट निघून थांबला, तर वॉल्व्ह सील किंवा गाइड. चढावर ताण असताना निळा धूर सतत येत राहिला, तर रिंगा. बराच वेळ आयडलला उभी राहून निघताना धूर आला आणि गाडी टर्बोची असेल, तर टर्बोचं सील किंवा त्याच्या ऑइलचा परतीचा पाइप.

मग कम्प्रेशन तपासा. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, पेट्रोल आणि इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. चारही आकडे लिहा. सगळ्यात वरच्या आणि खालच्या आकड्यात १० ते १५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर खालच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्या. नाही चढला तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट.

हेड उतरवायच्या आधी ब्रीदरची लाइन मात्र बघाच. कॅच कॅन भरून वाहतोय का, त्याचा पाइप मुडपलाय का, ब्रीदरचा वॉल्व्ह अडकलाय का? बूस्ट वाढवलं की क्रँककेसमधला दाब वाढतो, आणि बाहेर पडायची वाट अपुरी असेल तर ऑइल इनटेकमध्ये ढकललं जातं. डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर भरलं असेल तरी हेच होतं. फोर्ज्ड पिस्टनच्या इंजिनात पिस्टन आणि बोअरमधली जागा मुद्दाम जास्त ठेवलेली असते, त्यामुळे थंड असताना थोडं ऑइल जळणं अपेक्षित असतं. असं इंजिन गरम होईपर्यंत हलक्या पायाने चालवा.

पायरी ८: नवा प्लग निवडताना

दोष दूर केल्यावरच प्लगचा नंबर बदलायचा विचार करा. ट्यून रिच असताना गरम प्लग टाकला तर काजळी झाकली जाते आणि महामार्गावर पूर्ण दाबल्यावर तोच प्लग इंजिन फोडतो.

एनजीके आणि डेन्सोच्या नंबरात आकडा वाढला की प्लग थंड होतो. बॉश आणि चॅम्पियनमध्ये उलट, आकडा वाढला की गरम. जुने मेकॅनिक बॉशच्या प्लगला अजून ‘मायको’ म्हणतात, तेव्हा दुकानात नंबर सांगताना कंपनीचं नावही सांगा. ताकद साधारण ७५ ते १०० हॉर्सपॉवरने वाढली तर एक पायरी थंड, हा ढोबळ नियम. नुसता एअर फिल्टर, एक्झॉस्ट आणि हलका रिमॅप असेल तर कंपनीचाच नंबर बहुधा पुरतो.

आट्यांची लांबी मूळ प्लगइतकीच हवी. लांब प्लग पिस्टनला आपटतो, आखूड प्लगच्या उघड्या आट्यांत कार्बन भरतो. इरिडियमच्या टोकाला कमी व्होल्टेज लागतं, म्हणून काजळीत तो जास्त वेळ तग धरतो. पण ट्यूनिंग चालू असताना साधे निकेलचे प्लग वापरा, कारण ते दोन-तीनदा बदलावे लागतात. इरिडियमचा गॅप बदलताना फक्त बाहेरचा इलेक्ट्रोड हलवा. मधल्या बारीक टोकावर गेज दाबलं तर ते तुटतं.

जुने प्लग साफ करून वापरता येतात का? कोरडी काजळी असेल तर दोष काढल्यावर मोकळ्या रस्त्यावर थोडा वेळ जास्त आरपीएमवर चालवून ती बरीचशी जळते. निकेलचा प्लग क्लीनर स्प्रे मारून मऊ ब्रशने तात्पुरता पुसता येतो. गॅसच्या शेगडीवर लाल होईपर्यंत तापवणं बंद करा. सिरॅमिकला न दिसणारी चीर जाते. ऑइल, राख किंवा नारिंगी थराचा प्लग सरळ टाकून द्या.

पायरी ९: बसवणं

प्लग हातानेच आट्यांत लावा, पाना नंतर. १४ मिलिमीटर आट्यांच्या वॉशरवाल्या प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिलिमीटरला १५ ते २०, १० मिलिमीटरला १० ते १२ टॉर्क पुरतो. टॉर्क पाना नसेल तर १४ मिलिमीटरचा नवा वॉशरवाला प्लग हाताने टेकल्यावर अर्धा फेरा. आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ लावू नका, त्याने टॉर्क जास्त बसतो आणि आटे ताणले जातात. कॉइलच्या बुटाच्या आत डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात मारा. कोकणातल्या पावसात तोच पाणी अडवतो.

मग गाडी तुमच्या नेहमीच्या मिश्र रस्त्यावर चालवा आणि प्लग पुन्हा काढून आधीच्या फोटोंशी ताडून बघा. हे न करता काम झालं असं समजू नका. फुल थ्रॉटलचं वाचन डायनोवर किंवा ट्रॅकवर करा, घाटात कधीच नाही.

डोंगरात अडकलात तर

मॉडिफाय केलेल्या गाडीच्या नंबरचा प्लग आयत्या वेळी पोलादपुरात मिळेल अशी आशा धरू नका. योग्य गॅप करून ठेवलेले चार प्लग, एक कॉइल, प्लगपाना, गेज, टॉर्च आणि कोरडं फडकं बरोबर ठेवा. निघायच्या आदल्या दिवशी जेट पंपाने इंजिन धुऊ नका.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला तर वळण टाळून सुरक्षित जागी थांबा. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून तो लाल होतो. पावसाळ्यानंतर वाळलेल्या गवतावर अशी गाडी उभी केली तर आग लागू शकते. प्लगच्या खड्ड्यातलं पाणी फडक्याने टिपा, प्लग बदला, कॉइलची अदलाबदल करा. तरीही एक सिलिंडर मेलेलाच असेल आणि गाडी साध्या पोर्ट इंजेक्शनची असेल तर त्या सिलिंडरच्या इंजेक्टरचा कनेक्टर काढून हळूहळू खाली उतरता येतं. टीएसआयसारख्या डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत ते करू नका, टो बोलवा.

आणि काहीही झालं तरी इंजिन बंद करून उतारावर गाडी सोडू नका. इंजिन बंद पडलं की ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांत संपतो आणि स्टीअरिंग जड होतं. या घाटांत तेवढी चूक पुरते.

कायद्याचंही भान हवं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या, निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलात बदल होईल असं मॉडिफिकेशन करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं आहे. फक्त शर्यतीसाठी असलेली गाडी ट्रेलरवरून ट्रॅकवर न्या.

रस्त्यावरच्या गाडीसाठी ट्यूनरकडे पुढच्या वेळी जाल तेव्हा किती हॉर्सपॉवर वाढली हे विचारण्याआधी त्याला तुमचा रस्ता सांगा: किती वेळ दुसऱ्या गिअरमध्ये, किती वेळ आयडलला, किती उतार, किती पाऊस. त्याबरोबर चारही प्लगचे फोटो, फ्युएल ट्रिम आणि कम्प्रेशनचे आकडे समोर ठेवा. त्या माहितीवर केलेलं ट्यून आणि निवडलेला प्लग तुम्हाला घाटातही साथ देईल आणि महामार्गावरही.